महाराजांची पगडी आणि सिंहासनाखालचा वारा

सोनवडच्या मानाजीराजांचं सिंहासन डावीकडे कलत चाललं होतं. आषाढात एक बोट, श्रावणात दोन, आणि भाद्रपद सरता सरता चांगलं चार बोटं! पण महाराज तिरके दिसतात, हे बोलणार कोण? त्यापेक्षा सगळा दरबारच डावीकडे झुकून बसू लागला. सगळेच कलले की महाराज सरळ दिसतात, ही युक्ती प्रधान त्रिंबकपंतांची.

एके सकाळी महाराजांपुढचं पानाचं तबक आपणहून घसरलं आणि थेट पंतांच्या पुढ्यात जाऊन थांबलं. महाराजांच्या भुवया वर गेल्या. राजज्योतिष्याने शनीला दोष दिला. राजवैद्याने जमिनीला वातविकार झाल्याचं सांगून धूप सुचवला. दोघेही डावीकडे झुकून मुजरा करून गेले.

"हा महाल बांधला कोणी?" महाराज गरजले.

बांधला होता सुतारकाम करणाऱ्या सोमा मेस्ताने. तो हात जोडून आला. त्याच्यामागे त्याची मुलगी आवडी. बापाबरोबर रंधा मारून मारून तिचे हात त्याच्याइतकेच खरबरीत झाले होते. सोमाने वाकून फळ्यांच्या फटीला नाक लावलं. कुबट वास आला.

"महाराज, ही लाकडी जमीन खांबांवर उभी आहे. खाली दीड हात पोकळी. ती कोरडी राहावी म्हणून मी जोत्याला बारा झरोके ठेवले होते..."

"ते मी बुजवले!" महाराज म्हणाले. "गेल्या चैत्रात भर दरबारात मी फर्मान वाचत होतो, आणि सिंहासनाखालून एक मांजर माझ्या प्रत्येक वाक्याला 'म्यांव' म्हणत होतं! लोक हसले, मेस्त! त्याच दिवशी बाराही झरोक्यांना चिरे बसवले. माझा हुकूम आहे तो. आणि माझा हुकूम मागे फिरत नसतो!"

"पण महाराज, खांबांचे पाय सडले असतील..."

"मग बरे कर! दसऱ्याला शेजारच्या राजाचा वकील येतोय. दहा दिवसांत खालची ओल सुकली पाहिजे आणि सिंहासन सरळ झालं पाहिजे. वरची एक फळी उचलायची नाही. खाली जाळ करायचा नाही. बसवलेला एक चिरा हलवायचा नाही. नाही जमलं, तर हत्यारं इथे ठेवायची आणि सोनवड सोडायचं!"

सोमाचा हात नकळत कमरेच्या पटाशीवर गेला. ती त्याच्या आज्याची होती. आवडीने तो हात पाहिला आणि ती पुढे झाली.

"महाराज, काम आम्ही करतो. पण आधी तुमची एक पगडी हवी. ओली."

"ओली? कशाला?"

"ती एका डब्यात घालायची. झाकण महाराजांनी स्वतः लावायचं, वर लाखेची मोहोर करायची. पाचव्या दिवशी डबा उघडायचा. पगडी आतल्या आत सुकली, तर जमीनही सुकायला हवी होती. मग चूक बाबांची. आम्ही गाव सोडू. नाही सुकली, तर पुढचं महाराज सांगतील तसं."

"आवडे, अगं काय बोलतेस?" सोमा पुटपुटला.

"बाबा, आपली चूक असेल तर नको का कळायला?"

महाराजांना पैज आवडली. पगडी भिजली, डब्यात गेली, मोहोर झाली. चार दिवस सोमाला अन्न गोड लागलं नाही. आवडी मात्र खांबांना लावायच्या पाचरी तासत बसली होती.

पाचव्या दिवशी भर दरबारात महाराजांनी मोहोर फोडली. झाकण निघालं, आणि पहिल्या रांगेतले मानकरी तिसऱ्या रांगेत गेले! पगडीवर हिरवी-काळी बुरशी. महाराजांनी नाक दाबलं.

"वा!" त्रिंबकपंत म्हणाले. "काय सुगंध!"

"पंत, गप्प बसा! अरे, ओली वस्तू अशी कोंडून ठेवतात का? कोणीतरी न्या हिला, धुवा आणि वाऱ्यावर टाका! आत्ताच्या आत्ता!"

"हा कोणाचा हुकूम, महाराज?" आवडीने विचारलं.

"कोणाचा म्हणजे? माझा!"

"आणि महाराजांचा हुकूम मागे फिरत नसतो." ती चिटणिसांकडे वळली. "लिहून घ्या, चिटणीसकाका. ओली वस्तू कोंडायची नाही. तिला वारा द्यायचा."

महाराज उसळले. "मी पगडीबद्दल बोललो, पोरी! जमिनीबद्दल नाही!"

"पगडी महाराजांच्या डोक्यावर, जमीन महाराजांच्या पायाखाली. मधे महाराज एकच! मग वरच्या ओलीला वारा आणि खालच्या ओलीला चिरा, हा न्याय कसा?"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि मांजर? त्या हुकमाचं काय?"

"तोही मोडायचा नाही. हुकूम मांजराला अडवण्यासाठी होता, वाऱ्याला नाही. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात. फडक्यातून मुंगी जात नाही, वारा जातो. झरोक्यांना लोखंडी जाळ्या बसवू. मांजर बाहेर, वारा आत!"

"काढा चिरे!" महाराज म्हणाले.

मग बापलेक कामाला लागले. छपराचं पाणी जोत्याशी मुरत होतं, ते चर खणून दूर काढलं. झरोक्यातून सरपटत आत शिरून सोमाने जमिनीला टेकू दिले, खांबांचे कुजके पाय कापले, खाली दगडी तळखडे बसवले. आवडीने पाचरी ठोकून सिंहासन बोट बोट वर आणलं. वरची एकही फळी उचलली नाही.

दसऱ्याला वकील आला. महाराज बसले, सरळ, ओळंब्यासारखे! आणि समोर अख्खा दरबार सवयीने डावीकडे कललेला. वकील एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

"आवडे!" महाराजांनी हाक मारली. "सिंहासन सरळ केलंस. मग हे का अजून वाकडे?"

"सिंहासन लाकडाचं होतं महाराज, म्हणून पाचर ठोकता आली!"

महाराज इतके हसले की सिंहासन गदगदा हललं, पण कललं मात्र नाही. हसता हसताच ते उठले आणि धुऊन वाऱ्यावर सुकवलेली ती पगडी त्यांनी सोमा मेस्ताच्या डोक्यावर ठेवली. आवडीला त्यांनी सोन्याचं कडं दिलं, आणि राजवाड्याच्या कोणत्याही जमिनीखाली हवं तेव्हा शिरून पाहण्याचा परवानाही. चिटणिसांनी तोही लिहून घेतला, डावीकडे झुकून.