गुंजीचं घुंगरू

कान लांब करा. शेळीसारखे लांब. केलेत? आता हलवा बघू. फट् फट्! शाब्बास. आता ऐका.

एक होता माळ. माळावर एक मोठा गोठा. गोठ्याचं नाव आसरा. तिथे राहायच्या शेळ्या. कुठल्या शेळ्या? ज्यांना दुसरं घर नाही, त्या. कुणी लंगडी, कुणी म्हातारी, कुणी आईविना. सगळ्यांना सांभाळायची हौसामावशी.

तिथेच एक इवलंसं करडू होतं. तांबडं तांबडं. नाकावर काळा ठिपका. अगदी गुंजेच्या बीसारखं. म्हणून त्याचं नाव गुंजी.

गुंजीच्या गळ्यात होतं घुंगरू. छुन छुन! छुन छुन!

आसऱ्यात सगळ्या करडांच्या गळ्यात घुंगरू. का बरं? तर संध्याकाळी मावशी दुधाची बाटली घेऊन बसायची. सगळी करडं धावायची. ढकलाढकली, पाडापाडी! एक होतं चलाख. ते इकडून प्यायचं, मागून वळसा घालून तिकडून यायचं, परत प्यायचं. मग पोट टुम्म! तेव्हापासून मावशीने प्रत्येकाला वेगळ्या आवाजाचं घुंगरू बांधलं, म्हणजे कोण पिऊन गेलं ते कळेल. आणि नियम केला.

"ज्याचं घुंगरू वाजेल, त्याला बाटली. नाही वाजलं, त्याने शेवटी यायचं."

आणि शेवटी बाटलीत काय उरतं? नुसता फेस!

एके दिवशी गुंजीला प्रश्न पडला. "आवाज घुंगरात कुठे राहतो?"

तिने मान वाकडी केली. आत डोकावली. काही दिसेना. तिने दोरी चावली. कुरूम कुरूम. जरा ओढली. आणखी ओढली. दोरी तुटली, तट्!

घुंगरू पडलं. घुंगरू पळालं. छुन छुन, छुन छुन, गडगड गडगड... आणि गेलं थेट भीमाआबांच्या पोटाखाली!

भीमाआबा म्हणजे म्हातारा बोकड. हा एवढा मोठा. दाढी जमिनीला टेकलेली. दिवसभर बसून राहायचा.

गुंजी आली. टुण टुण टुणकन!

"भीमाआबा, भीमाआबा, उठा ना! तुमच्या पोटाखाली माझं घुंगरू आहे."

"नाही उठत," आबा म्हणाले. "घुर्र!"

"का बरं?"

आबांनी डोळा उघडला. "का? आजवर मला कुणी विचारलंच नाही, का ते. अगं, माझा खूर वाढलाय. उभं राहिलं की टोचतो. मावशी खूर कापेल, तरच मी उठेन."

गुंजीने वर पाहिलं. सूर्य होता चिंचेच्या शेंड्यावर. सूर्य खाली आला की दुधाची वेळ!

गुंजी निघाली. टुण टुण टुणकन!

मावशी पाला टाकत होती. सळ सळ, सळ सळ.

"मावशी, मावशी, खूर काप ना!
खूर टोचतो, आबा उठेनात.
आबा उठेनात, घुंगरू मिळेना.
घुंगरू नाही, तर दूध कुठलं?"

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "भीमाचा खूर टोचतो? आणि मी समजत होते, मेला आळशी आहे! रोज त्याला टोमणे मारते मी. बसल्या जागी पाला गिळतोस, म्हणते."

"मग काप ना खूर!"

"नाही कापत."

"का बरं?"

"कात्री बोथट झालीय. शिदूकाकांकडे धारेला दिलीय. काका धार लावतील, तरच मी खूर कापेन."

"आणि घुंगरू नाही मिळालं तर?"

"तर शेवटी ये. तुला आधी दिलं, तर उद्या सगळीच घुंगरं टाकून येतील. नियम म्हणजे नियम!"

गुंजी निघाली. टुण टुण टुणकन!

फाटकापाशी बसले होते शिदूकाका. त्यांच्यापुढे होतं धारेचं चाक.

"काका, तुमचं चाक गोल का?"

"चौकोनी असतं, तर मीच गडगडलो असतो," काका म्हणाले. "काम काय ते बोल, ठिपकेवाली!"

"शिदूकाका, शिदूकाका, धार लावा ना!
धार नाही, मावशी खूर कापेना.
खूर टोचतो, आबा उठेनात.
आबा उठेनात, घुंगरू मिळेना.
घुंगरू नाही, तर दूध कुठलं?"

"नाही लावत," काका म्हणाले.

"का बरं?"

"चाकाचा दगड कोरडा आहे. कोरड्या दगडावर कात्री घासली की ठिणग्या उडतात. माझी मिशी जळेल ना! हापसा पाणी देईल, तरच मी धार लावेन."

सूर्य उतरला. चिंचेच्या फांदीवर बसला.

गुंजी निघाली. टुण टुण टुणकन!

अंगणात उभा होता हापसा. लांब नाक, लांब हात.

"हापसादादा, हापसादादा, पाणी दे ना!
पाणी नाही, काका धार लावेनात.
धार नाही, मावशी खूर कापेना.
खूर टोचतो, आबा उठेनात.
आबा उठेनात, घुंगरू मिळेना.
घुंगरू नाही, तर दूध कुठलं?"

"नाही देत," हापसा म्हणाला. "कर्रर्र कुईं!"

"का बरं?"

"सगळे येतात, माझा हात ओढतात. वर-खाली, वर-खाली! हात दुखतो का रे, असं कुणी विचारतं का? सांधा आखडलाय माझा. कर्रर्र कुईं! चंपाकाकू तेल देईल, तरच मी पाणी देईन."

गुंजी निघाली. टुण टुण टुणकन!

चंपाकाकू शेळ्यांचा भरडा शिजवायची. चुलीजवळ बसायची. आज तिच्या मांडीवर काहीतरी होतं. पांढरं पांढरं. पोत्यात गुंडाळलेलं. गुंजीने मान लांब केली. काय बरं असेल?

"चंपाकाकू, चंपाकाकू, तेल दे ना!
तेल नाही, हापसा पाणी देईना.
पाणी नाही, काका धार लावेनात.
धार नाही, मावशी खूर कापेना.
खूर टोचतो, आबा उठेनात.
आबा उठेनात, घुंगरू मिळेना.
घुंगरू नाही, तर दूध कुठलं?"

"हळू बोल गं!" काकू म्हणाली. "तेलाची बाटली आहे, ती काय, वरच्या फळीवर. पण मी नाही उठत."

"का बरं?"

"हे बघ काय आहे." काकूने पोतं बाजूला केलं.

आत होतं करडू! पांढरं पांढरं. थरथर थरथर.

"दुपारीच आलंय. रस्त्याकडेला सापडलं. मांडीवरून खाली ठेवलं की रडतं. हे गप्प होईल, तरच मी उठेन."

करडू रडलं. "बेंऽऽ! बेंऽऽ!"

सूर्य आणखी उतरला. चिंचेच्या बुंध्यामागे गेला. लांबून करडांची घुंगरं वाजू लागली. छुन छुन, छुन छुन. सगळी निघाली होती दुधाला!

पळावं का तिकडे? पण घुंगरू कुठे होतं? गुंजी करडाजवळ गेली. अगदी जवळ. नाकाला नाक.

"बाळा, बाळा, गप्प हो ना!
तू रडतोस, काकू उठेना.
काकू उठेना, तेल मिळेना.
तेल नाही, हापसा पाणी देईना.
पाणी नाही, काका धार लावेनात.
धार नाही, मावशी खूर कापेना.
खूर टोचतो, आबा उठेनात.
आबा उठेनात, घुंगरू मिळेना.
घुंगरू नाही, तर दूध कुठलं?"

"नाही होत गप्प," करडू म्हणालं. "बेंऽऽ!"

"का बरं?"

करडू थांबलं. गुंजीकडे बघितलं.

"इथे मला कुणी ओळखत नाही."

"मी ओळखते," गुंजी म्हणाली.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

करडाने नाक ओढलं. सूं! "मग मी तुझ्याबरोबर येऊ?"

"चल की!"

करडू मांडीवरून उतरलं. लटपट लटपट. उभं राहिलं. आणि गप्प झालं!

करडू गप्प झालं, काकू उठली. फळीवरची बाटली काढली. हापशाच्या सांध्यात तेल घातलं. टिप टिप, टिप टिप!

तेल मिळालं, हापसा हसला. कर्रर्र नाही, कुईं नाही. काकूने हात दाबला, भळ भळ, भळ भळ! तांब्या भरला. काकूने तो काकांना नेऊन दिला.

पाणी मिळालं, दगड भिजला. चाक फिरलं. सर्र सर्र, सर्र सर्र! काकांनी धार लावली. मिशी शाबूत!

"पळ आता, ठिपकेवाली! चला, मीही येतो. कात्री तुझ्या तोंडात थोडीच द्यायची?"

पुढे गुंजी, टुण टुण टुणकन! मागे करडू, लटपट लटपट. त्यामागे काका आणि काकांच्या मागे काकू.

धार झाली, मावशी धावली. दुधाची बाटली खाली ठेवली. भीमाआबांचा पाय मांडीवर घेतला. कच कच, कच कच!

"चुकले रे, भीमा," मावशी म्हणाली. "विचारायला हवं होतं मी."

"असू दे, असू दे," आबा म्हणाले. "तो मागचापण काप."

खूर कापला, आबा उठले! आधी पुढचे पाय. मग मागचे पाय. मग दाढी. हाश्श!

"अरेच्चा! टोचत नाही की! मघापासून पोटालापण काहीतरी टोचत होतं. तेही गेलं!"

"ते माझं घुंगरू, आबा!"

आबा उठले, घुंगरू मिळालं. भाकरीसारखं गरम गरम! मावशीने नवी दोरी आणली. गुंजीच्या गळ्यात बांधली. पक्की गाठ.

छुन छुन! छुन छुन!

"वाजलं!" मावशी म्हणाली. "ये गुंजे, तुझी बाटली."

गुंजी दूध प्यायली. गट गट, गट गट. अर्धी बाटली झाली आणि ती थांबली.

शेजारी होतं पांढरं करडू. बाटलीकडे बघत. टकमक टकमक.

"मावशी, त्याला पण दे."

"देणार, देणार. पण त्याला घुंगरू कुठाय? ही बाकीची बघ कशी बघतायत! नियम म्हणजे नियम. त्याला शेवटी."

"शेवटी तर फेस!"

"फेसाचं काय ते मी बघते. तू पी!"

गुंजीने विचार केला. मान वाकडी केली. मान वाकवली. खूप खाली. पांढऱ्या करडाच्या नाकापर्यंत.

करडाने बघितलं. हे गोल गोल काय? त्याने नाकाने ढकललं.

छुन!

त्याने डोळे मोठे केले. परत ढकललं. छुन छुन! छुन छुन!

"कुणी वाजवलं गं?" मावशीने विचारलं.

"त्याने वाजवलं," गुंजी म्हणाली. "ज्याचं घुंगरू वाजेल, त्याला बाटली. नियम म्हणजे नियम, मावशी!"

मावशीने गुंजीकडे बघितलं. काकांनी मिशीत तोंड लपवलं. काकू खो खो हसली. भीमाआबा म्हणाले, "घुर्र! बरोबर बोलते पोर."

"काय करू बाई हिला!" मावशी म्हणाली. आणि तीही हसली. "ये रे, ये. कापसासारखा आहेस अगदी. कापश्याच म्हणेन तुला."

कापश्या दूध प्यायला. गट गट, गट गट. फेस नाही, खरं खरं दूध. मग त्याच्याही गळ्यात मावशीने एक घुंगरू बांधलं. टिंग टिंग!

कापश्याने मान वाकडी केली. आत डोकावला.

"गुंजी, गुंजी, आवाज कुठे राहतो?"

"मला पण नाही माहीत," गुंजी म्हणाली. "बघूया? पण दोरी नाही हं चावायची!"

मग दोघांनी माना हलवल्या.

छुन छुन, टिंग टिंग!
छुन छुन, टिंग टिंग!

झाली गोष्ट. आता कान आखूड करा.