हाळीचं दार

कुसूरखेडच्या वेशीतून आत शिरलं की उजव्या हाताला मोकळ्या जागेत एक दार उभं दिसतं. नुसतं दार. मागं भिंत नाही, वर छप्पर नाही. शिसवी चौकट, दोन फळ्या, खाली झिजलेला उंबरठा, आणि चौकट कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना रचलेले दगड. नवखा माणूस बाजूनं पलीकडे जाऊन बघतो, तर तिथं बाभळी आणि गवत. गावातलं माणूस मात्र तिथून जाताना आवाज खाली घेतं.

पौषातल्या पहिल्या रविवारी हाळीकर मंडळाची माणसं इथं जमतात. मंडळात आज साठेक जण आहेत. रक्तदानाचं शिबिर भरवणं, ओढ्याला पूर आला की माणसं बाहेर काढणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबा पोचवणं, ही त्यांची बारमाही कामं. पण त्या रविवारी गावातल्या एकूण एक दारासमोर उभं राहून हाळी द्यायची, हा त्यांचा नेम. सुरुवात या दारापासून. बाहेरगावचे पाहुणे आले की मंडळातले सर्वांत जुने बाळोबा तांबट उंबरठ्याबाहेर बसकण मारतात आणि त्याची हकिगत सांगतात. त्यांनी ती आज्याकडून ऐकली, आज्यानं त्याच्या बापाकडून. बापाचं नाव भिकाजी, आणि तो स्वतः त्या पहिल्या सहा जणांत होता म्हणे.

गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, ते दुसरं साल. आधी उंदीर पडले. वाण्याच्या दुकानात पडले, मग मारुतीच्या पायऱ्यांवर, मग भर दुपारी माणसांच्या पायांत येऊन गरगर फिरून मरायला लागले. आठवडाभरात काखेत गाठ येऊन माणसं जाऊ लागली. सकाळी ताप, दुसऱ्या दिवशी बडबड, तिसऱ्या दिवशी संपलं. गावानं बिऱ्हाड गुंडाळलं आणि ओढ्यापलीकडच्या माळावर पाचटाच्या झोपड्या घातल्या. चारशे उंबऱ्यांचं गाव, पण दोन दिवसांत त्यात कुत्रंसुद्धा भुंकेना.

पण घाईत माणसं मागं राहतात. कुणाची आंधळी म्हातारी राहते, कुणाचा तापलेला माणूस राहतो. काही राहतात, तर काही ठेवली जातात. हे ओळखून भिकाजी तांबटानं स्वतःला धरून सहा जण जमवले. त्याच्याबरोबर हुसेन मुलाणी होता, दोन कोष्टी भाऊ होते, वेशीवरचा जिवा होता, आणि सोपान कासार होता. रोज सकाळी उन्हं वर आली की सहाही जणांनी गावात शिरायचं, ज्यानं त्यानं आपली आळी धरायची, प्रत्येक दारासमोर तीनदा हाळी द्यायची, थांबायचं, कानोसा घ्यायचा. आत कुणी असलं तर एकट्यानं शिरायचं नाही, सगळ्यांना बोलवायचं. दुपारी ओढ्याकाठी एकत्र बसायचं. भाकरीला हात घालण्याआधी प्रत्येकानं पाण्यात हात बुडवून सांगायचं, "माझ्या आळीत कुणी उरलं नाही." मगच घास. तांबट, मुलाणी, कोष्टी, जिवा, सगळे एका फडक्यावर जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. पण माळावरचे लोक त्यांना जवळ येऊ देत नसत, आणि मरणाच्या दारात विटाळ कोण बघतो?

सोपानला वेशीकडची आळी मिळाली होती. त्याला सगळी दारं पाठ. वर्षानुवर्षं पाठीवर बांगड्यांची पेटी घेऊन तो त्याच ओट्यांवर बसला होता. "कासार आलाय हो" म्हटलं की आतून लेकीसुना धावत यायच्या. कुणाचा हात केवढा, कुणाच्या मनगटाचं हाड वर आलेलं, हे त्याला चेहऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक. बायको आदल्या साली याच तापानं गेली होती. तिची काखेतली गाठ त्यानं डोळ्यांनी बघितली होती. तेव्हापासून त्याला त्या तापाची धास्ती होती, आणि कामाला हो म्हणताना त्यानं ती कुणाला दाखवली नव्हती.

पौषातला पहिला रविवार, फेरीचा पहिलाच दिवस. ऊन चांगलं चढलं होतं. सोपान माडीवाल्यांच्या दाराशी आला. हेच ते दार. बाहेरून कडी, कडीला कुलूप. माडीवाल्यांचा मुलगा पहिल्याच फेऱ्यात गेला होता. उरलेलं घर माळावर, आणि विधवा सून भागी लेकराला घेऊन माहेरी गेली, असं तिच्या सासूनं सगळ्यांना सांगितलं होतं. उंबरठ्यावर एक मोठी घूस मरून फुगली होती. तिच्या अंगावरून पिसवा उडताना उन्हात दिसत होत्या.

सोपान चार पावलं लांब थांबला. "आत कोण हाय?" त्यानं एकदा हाळी दिली.

आतून काच किणकिणली.

बारीक, हलका आवाज. थांबला. पुन्हा झाला. रिकाम्या, कुलूप घातलेल्या घरात कोण किणकिणतंय? भागीचा नवरा मेला तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या फुटायच्या होत्या, पण त्या धावपळीत ते कुणी केलं नव्हतं, हे त्याला आठवलं. श्रावणात त्यानंच त्या भरल्या होत्या. हिरव्या, आठ आठ. दुसरी हाळी त्यानं दिलीच नाही. उंदीर असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. उंदीर भांड्यांत फिरतोय. आणि तो वळून चालू लागला. आधी सावकाश, मग भराभर, आणि आळीच्या टोकाला तर पळतच.

ओढ्यावर सगळे बसले. फडकं पसरलं. एकेकानं पाण्यात हात घालून सांगितलं. सोपाननंही हात बुडवला.

"माझ्या आळीत कुणी उरलं न्हाई."

पाणी गार होतं. त्यानं घास तोंडात घातला, चावला, पण तो उतरेना. शेजारी हुसेन कांदा फोडत होता. कोष्टी भावांतला धाकटा काहीतरी चेष्टा करत होता. सोपान घास तोंडात धरून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"काय रं?" भिकाजी म्हणाला. "ताप हाय का?"

सोपाननं घास हातावर काढला. "मी खोटं बोललो. माडीवाल्यांच्या घरात आवाज हाय. मी भ्यालो आन् निघून आलो."

भिकाजीनं त्याच्याकडे एकदाच बघितलं, भाकरी फडक्यावर ठेवली आणि उठला. मग सगळेच उठले. जेवण तसंच उघडं पडलं.

दाराशी आल्यावर भिकाजीनं तीन हाळ्या दिल्या. उत्तर नाही. किणकिणही नाही. हुसेननं दगडानं कुलूप फोडलं. दार उघडलं तसा आतून वास आला आणि सहाही जण मागं सरले. कुणाचा पाय उंबरठ्यावर पडेना.

"मी जातो," सोपान म्हणाला. "माजंच काम हाय हे."

"आत गेलास तर धा दिवस माघारी यायचं न्हाई," भिकाजी म्हणाला. "नेम ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय."

तो आत गेला. ओसरी, माजघर. माजघरात कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप पडली होती. त्या तिरिपेत भागी पडलेली. मरून एक दिवस तरी झाला असावा. तिच्या कुशीशी दीड वर्षाची तिची पोर बसली होती. पोरीनं आईचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि ती तो हलवत होती. हलवला की हिरव्या बांगड्या वाजत. मग ती थांबून आईच्या तोंडाकडे बघे. मग पुन्हा हलवे.

असं सांगतात, की सोपान तिथं किती वेळ उभा होता ते त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. बाहेरच्यांना फक्त एक आवाज ऐकू आला. तो रडण्याचा होता की ओरडण्याचा, ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर सोपानचा आवाज बसला तो बसलाच.

त्यानं एकट्यानं भागीला धडप्यात गुंडाळलं आणि गाडीवर घातलं. बाकीच्यांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला लाकडं रचून ठेवली होती. अग्नी सोपाननंच दिला. माळावर ही बातमी पोचली, तेव्हा माडीवाल्यांनी झोपडी सोडली आणि मिळेल त्या वाटेनं निघून गेले. पुन्हा त्यांना या गावात कुणी पाहिलं नाही. सोपान आणि ती पोर, गोदी तिचं नाव, माळावर येऊ शकत नव्हती. माळाच्या कडेला लोक काठ्या घेऊन उभे होते. तो पोरीला घेऊन आपल्या कासारआळीतल्या घरात गेला आणि दार लावून घेतलं.

रोज तीनदा पाचही जण ओट्याखाली येत. दूध, भाकरी ठेवत, मागं सरत आणि हाळी देत. "सोपाना!" आतून तो घोगऱ्या आवाजात म्हणे, "हाय." मग ते जात.

पाचव्या दिवशी त्याच्या जांघेत गाठ आली.

त्यानं ओळखलं. त्यानं पाण्याचा तांब्या, गुळाचा खडा आणि मऊ भाकरीचे तुकडे पोरीच्या हाताला लागतील असे ठेवले. आपण मेलो तर ही पुन्हा एका मढ्याशी बसणार, हा विचार आला तेव्हा त्यानं भिंतीला डोकं टेकलं. सहाव्या दिवशी त्याला उठवेना. सातव्या दिवशी घशातून आवाज निघेना. आता फक्त हाळीची वाट बघायची.

आणि त्या दिवशी सकाळची हाळी आलीच नाही.

ऊन ओसरीवरून सरकत भिंतीवर चढलं. पोर रडली, निजली, उठून पुन्हा रडली. सोपान कान देऊन पडला होता. बाहेर एक पानसुद्धा हलत नव्हतं. त्याच्या मनात एकच यायला लागलं. कुणीतरी आळीच्या टोकापर्यंत आलं असेल. तिथंच थांबलं असेल. घाबरलं असेल. आणि ओढ्यावर जाऊन पाण्यात हात बुडवून म्हणालं असेल, हाळी दिली, कुणी नाही. मी नाही का म्हणालो? आयुष्यात त्याला कशाचीच एवढी भीती वाटली नव्हती. तापाची नाही, गाठीची नाही. दाराबाहेरून लांब जाणारी पावलं आपल्याला ऐकू येतील, याची भीती.

दुपार कलताना पावलं आली.

त्या सकाळी थोरला कोष्टी तापानं गेला होता. त्याला पोचवून चौघे आले होते. धाकटा भाऊ पाय ओढत चालत होता.

"सोपाना!" भिकाजीची हाळी. सोपाननं तोंड उघडलं. हवा आली, आवाज आला नाही.

"सोपाना!"

पोर निजली होती. त्यानं हात लांब केला. तांब्या दोन वीत दूर.

"सोपाना!"

बाहेर जिवा बोलल्याचं त्याला ऐकू आलं. "तीन झाल्या, भिकाजीतात्या. गेला असंल तो बी."

धाकटा कोष्टी म्हणाला, "चला की. आजच्याला लई झालं."

सोपाननं डोळे मिटले. पावलांची वाट बघू लागला.

"मी बसतो हितं," भिकाजीचा आवाज आला. "तुमी जा. मी बसतो."

कुणी गेलं नाही. चौघंही ओट्याखाली धुळीत बसले. किती वेळ बसले कोण जाणे. भिंतीवरचं ऊन लाल झालं होतं. सोपान कोपरावर सरकत राहिला, बोटाबोटानं, आणि शेवटी त्याची बोटं तांब्याला लागली. तांब्या कलंडला, फरशीवर गडगडला, दाराला जाऊन आपटला.

बाहेर हुसेन मोठ्यानं ओरडला, "हाय! हाय तो!" आणि नेम-बिम विसरून चौघं दारावर पडले.

गोदीला हुसेननं उचलून पोटाशी धरलं. सोपानची गाठ तिसऱ्या दिवशी फुटली आणि तो वाचला. असे शंभरात वीस-पंचवीस वाचायचे, त्यांतला तो एक. आवाज मात्र परत आला नाही. बांगड्यांची पेटी त्यानं पुन्हा उचलली, पण "कासार आलाय" म्हणायला तोंडच नव्हतं. म्हणून तो गोदीला बोट धरून बरोबर नेऊ लागला. आळीत शिरताना हाळी ती देई. पुढं ताप सरला, गाव माघारी आलं. सरकारी माणसांनी आत ऊन पडावं म्हणून माडीवाल्यांच्या घराची कौलं उतरवली, चार पावसाळ्यांत भिंती विरघळल्या. दार तेवढं सोपाननं पडू दिलं नाही. दर पौषात तो उरलेल्या सोबत्यांना घेऊन तिथं उभा राही, आणि त्याच्या शेजारी उभी राहून गोदी विचारी, "आत कोण आहे?" पुढं ती गोदाक्का झाली, मंडळाची पहिली बाई. साठ वर्षं तिनं गावाची दारं केली, असं बाळोबा सांगतात. त्यांनी तिला लहानपणी पाहिलं आहे. आवाज खणखणीत होता म्हणे, ओढ्यापलीकडे ऐकू जाई.

आजही हाळी बाईच देते. पुरुष मागं उभे असतात. दार उघडून घरच्यांनी "आहोत" म्हणायचं, म्हणजे मंडळ पुढं सरकतं. बंद दारापाशी मात्र सगळे खाली बसतात. शेजारी सांगतात, अहो, ते पुण्याला गेलेत, कुलूप दिसत नाही का? मंडळ ऐकून घेतं आणि बसून राहतं. तीन सालांमागं असंच बसल्यावर एका निवृत्त मास्तरीण बाईंचं कण्हणं ऐकू आलं होतं, न्हाणीघरात पडून दोन दिवस झालेले. त्या आता मंडळात आहेत.

पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, उत्तर आलं नाही तर थांबायचं तरी किती वेळ?

बाळोबा धोतर झटकत उठतात. "आपण आत असतो," ते म्हणतात, "तर भाईरच्यानं किती वेळ थांबावं असं वाटलं असतं? तेवढा."