वाळला फरा, कडक सासरा

माणदेशातल्या एका गावात शिदबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. अडचण तीच होती. जसं सांगितलं तसंच करायचा.

मागे त्याचे सासरे रंगराव जेवायला आले होते. पहिल्याच भाकरीला, पाहुण्याच्या रीतीप्रमाणे, ते "नको नको, पोट भरलं" म्हणाले. शिदबानं त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि म्हशीपुढे ठेवलं. रंगराव तसेच उठले, पायताण घातलं आणि निघाले. तेव्हापासून त्यांनी लेकीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. दिवाळीला तिला माहेरीसुद्धा नेलं नव्हतं.

आणि आज त्यांचाच निरोप आला. बाजाराहून जाताना येतो, पाणी पिऊन निघतो. शिदबाची बायको हौसा हरखली. आबांना जेवल्याशिवाय सोडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

पण घरात डाळतांदळाशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात तिला आठवलं. शिदबाच्या चुलतभावाच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून काल त्यानं बोकड कापला होता आणि अख्खा फरा, म्हणजे मागची तंगडी, निखाऱ्यावर भाजला होता. त्यातलं बरंच मटण उरलं होतं, आणि घेऊन जा म्हणून जाऊबाई सांगून गेल्या होत्या. भाजलेलं शिळं मटण रश्श्यात घातलं की सगळ्या घराला पुरतं. हौसानं शिदबाला पाठवलं.

शिदबानं फरा हाडाला धरला आणि कंदिलासारखा लोंबकळवत निघाला. गावातली कुत्री मागं लागली. घरी आला तेव्हा निम्मं मटण कुत्र्यांच्या पोटात होतं.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, असं उघडं आणतात होय? डब्यात घालायचं, झाकण लावायचं, वरून फडकं आवळायचं."

"बरं," शिदबा म्हणाला.

चूल विझली होती. काडेपेटी सादळली होती. म्हणून तिनं त्याला शेजारच्या गोदाकाकूंकडे विस्तवाला धाडलं. शिदबानं निखारे डब्यात घातले, झाकण लावलं, फडकं आवळलं. घरी येऊन डबा उघडला तर आत कोळसे.

"अहो, विस्तव फुंकर घालत आणायचा असतो."

"बरं."

विस्तव हौसानं स्वतःच आणला आणि शिदबाला गिरणीवर पीठ आणायला पाठवलं. पाटीभर बाजरीचं पीठ घेऊन तो निघाला आणि वाटभर न चुकता फुंकर घालत राहिला. दारात आला तेव्हा पाटीचा तळ दिसत होता आणि शिदबाच्या भुवया पिकल्या होत्या.

हौसानं पाटी बाजूला ठेवली. भाकरी राहिली, भात टाकू, म्हणाली. मग तिनं नवऱ्याला चुलीपाशी समोर बसवलं. म्हणजे निदान डोळ्यांपुढे तरी राहील. पाट्यावर कांदा, खोबरं, लसूण वाटत तिनं त्याला नीट समजावलं.

"हे मटण भाजून भाजून कडक झालंय. त्याला आधी वाटण चोळायचं. मग पाणी ओतायचं. वर झाकण ठेवायचं. आणि मऊ होईपर्यंत हलू द्यायचं नाही."

शिदबानं ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. या खेपेला चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

रश्श्याचा वास गल्लीत गेला तेव्हा रंगराव आले. ओसरीवर टेकले ते रस्त्याकडे तोंड करून. शिदबाच्या आईनं पाणी दिलं. ते प्याले. हौसानं जेवायचा आग्रह केला. भूक नाही, म्हणाले. ती पदर डोळ्यांना लावत आत आली.

"आबा अजून कडकच आहेत. मऊ झाल्याशिवाय जेवायचे नाहीत."

शिदबा उठला. एवढंच ना. पाट्यावर उरलेलं वाटण त्यानं निपटून घेतलं, ओसरीवर गेला आणि रंगरावांच्या टकलावर, मानेवर, मिशांवर चांगलं चोळलं. तांब्याभर पाणी ओतलं. वर पिठाची पाटी पालथी घातली.

"मामा, मऊ होईपर्यंत हलायचं नाही."

हौसा दारात थिजली. शिदबाच्या आईनं तोंडावर पदर घेतला. पाटीखालून मिशा चाटल्याचं ऐकू आलं. मग आतून आवाज आला.

"खोबरं भाजून घेतलंयस काय गं?"

"व्हय, आबा."

"मीठ कमी पडलंय."

आणि पाटी गदागदा हलायला लागली. रंगराव हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाटी घरंगळून अंगणात गेली, आणि ते आपण होऊन पंगतीला जाऊन बसले. मटण निम्मंच होतं, पण रस्सा सगळ्यांना पुरला. सगळं घर मांडीला मांडी लावून जेवलं. रंगरावांनी भातावर पुन्हा पुन्हा रस्सा मागून घेतला आणि जेवता जेवताच हौसाला दिवाळीला न्यायचं कबूल केलं.

शिदबा मात्र जेवताना सासऱ्यांच्या टकलाकडे बघत होता. त्याला एक काळजी लागली होती.

जेवणं झाली. रंगराव डोकं धुवायला मोरीपाशी वाकले. तेवढ्यात शिदबा मागून आला, मूठभर मीठ त्यांच्या टकलावर टाकलं, हलक्या हातानं चोळलं आणि म्हणाला,

"आता चव बघा, मामा."