वडाखालची गाडी

माणसाला अजून चाक ठाऊक नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. रानात दरवर्षी गाड्यांची शर्यत व्हायची आणि जिंकलेली गाडी हार घालून वर्षभर वडाखाली मिरवायची. पाच वर्षं तिथे मुंगूसरावांचीच गाडी उभी होती.

"यंदा चाकं जरा बदलू या का?" त्यांची बायको विचारायची.

"जिंकणाऱ्या गाडीला हात लावायचा नसतो!" मुंगूसराव मिशा फुलवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे.

साळिंदर रोज दर्शनाला यायचं. हात जोडायचं, अंगावरचा एक काटा काढून चाकाशी धरायचं आणि निघून जायचं. केवढी ही भक्ती, असं मुंगूसरावांना वाटायचं.

सहाव्या वर्षी शेवटच्या वळणावर साळिंदराची गाडी भुर्रकन पुढे निघून गेली.

"अरे चोरा, ही तर माझीच गाडी!" मुंगूसराव ओरडले.

"तुमचीच, दादा," साळिंदर हसलं. "फक्त चाकं हलकी केली. तुमच्या गाडीला हात लावायचा नसतो ना, म्हणून माझ्या गाडीला लावला."

मुंगूसराव दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी वडाखाली नव्या गाडीच्या दर्शनाला रांग लागली, तेव्हा सगळ्यांत पुढे तेच होते. हात भक्तिभावाने जोडलेले होते आणि बगलेत मापाला घेतलेला सुतळीचा गुंडा होता.