आपण कोणातर्फे?

एकदा एक तरुण वकील तालुक्याच्या कोर्टात कामाला लागला. वडिलांची विटांची भट्टी. घरात वकील झालेला हा पहिलाच. वकिलांच्या खोलीत जो तो विचारी, "कुणाचे हो तुम्ही?" म्हणजे कुणाचे चिरंजीव, कुणाचे पुतणे. एकाने तर हसत म्हटलं, "कोट शिवून घेतलात, की भट्टीच्या धुरात काळा केलात?"

त्याच्याकडे पहिलं काम आलं ते भागूबाई कासारणीचं. पेठेत एका शेठजींच्या जागेत तिचं बांगड्यांचं दुकान होतं. शेठजींचं म्हणणं, दुकान वर्षभर बंद आहे, जागा आमची आम्हाला द्या. कोर्टाची मनाई आजच मिळाली नाही, तर उद्या सकाळी दुकान पडणार, अशी वेळ आलेली.

बरं, या तरुणाला कागद सगळे पाठ. पण बाईशी दोन शब्द निवांत बोलायला सवड नव्हती. कुणाची ओळख निघते का, या शोधातच त्याचा दिवस जाई. तो आपल्या गुरूंकडे, एका वृद्ध वकिलांकडे गेला.

"अण्णा, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. साहेबांनी विचारलं, तर तुमचं नाव सांगेन."

अण्णा कोर्टात आले. पण अंगातला काळा कोट काढून त्यांनी हातावर टाकला, आणि सरळ मागे जाऊन पक्षकारांच्या बाकावर भागूबाईशेजारी बसले.

"तूही ये. पुकारा होईपर्यंत इथेच बस."

तरुण मनातून खट्टू झाला, पण बसला. भागूबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "लेकरा, दुकानातली बसायची फळी मोडतील रे. गेल्या महिन्यात शेठजींच्याच सुनेला त्या फळीवर बसवून चुडा भरला मी."

"काय म्हणालात, मावशी?"

तेवढ्यात पुकारा झाला. तो पुढे गेला. न्यायाधीशांनी मान वर करून विचारलं, "आपण कोणातर्फे?"

अण्णांचं नाव ओठांवर आलं होतं. त्याने मागे पाहिलं. अण्णा खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होते. समोर दिसली ती एकटी भागूबाई.

"भागूबाई कासार यांच्यातर्फे, साहेब. आणि शेठजींना एवढंच विचारावं, गेल्या महिन्यात सूनबाईंचा चुडा कुठे भरला?"

शेठजी गडबडले. "ते... हिच्याच दुकानात. शुभकार्य होतं, साहेब."

"म्हणजे दुकान उघडं होतं," न्यायाधीश म्हणाले, आणि मनाई मिळाली.

परतताना अण्णा सावकाश बोलले, "मी शेजारी उभा राहिलो असतो, तर साहेबांनी मला पाहिलं असतं, तूही मलाच पाहिलं असतंस. त्या बाईकडे कोण पाहणार होतं? अरे, कुणाचा कोण, हे बाहेर विचारतात. आत एकच शब्द चालतो, 'तर्फे'. मोठ्या घराण्यातल्यालाही तोच लागतो."

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत कुणीतरी पुन्हा विचारलं, "कुणाचे हो तुम्ही?"

"काल भागूबाईंचा होतो," तो कोटाची बटणं लावत म्हणाला. "आज कुणाचा, ते पुकारा झाला की कळेल."