सटवाजीचा घास

"...आणि मग अनुग्रह कधी, आक्का?"

विश्वंभरने हे विचारलं तेव्हा आक्का घाटाच्या पायरीवर गोधडी आपटत होत्या. मठाच्या त्या प्रमुख, पण गोधडी कुणाच्या हाती देत नसत.

विश्वंभर मोठ्या पाठशाळेतून शिकून आला होता. उपनिषदं मुखोद्गत. ते त्याने आल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, कुणी विचारलं नसताना.

"सटवाजी जेवला की," आक्का म्हणाल्या.

सटवाजी म्हणजे घाटावरचा जुना नावाडी. अर्धं अंग लुळं पडलं, मागे कुणी नव्हतं, म्हणून मठाने त्याला ओसरीवर आणून ठेवलं होतं. वैद्य म्हणाले होते, गिळता येतंय, पोटात अन्न गेलं तर हा माणूस उठून बसेल. नाहीतर... पुढचं ते बोलले नव्हते.

पण सटवाजी तोंडच उघडत नव्हता.

एवढंच ना, असं विश्वंभरला वाटलं.

हुशार तर तो होताच. चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, कूस वेळेवर बदलायची, पाठीला तेल चोळायचं, भरवताना पाठीशी उशा लावून नीट बसवायचं, घास धडक्या बाजूच्या गालात द्यायचा... आक्कांनी एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. सटवाजीच्या पाठीवर एक लाल डाग उठला नाही.

भरवताना मात्र तो ओठ घट्ट मिटून मनातल्या मनात जप करी. तेवढाच वेळ सत्कारणी.

सटवाजीही ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे बघत राही. पाहणाऱ्याला वाटावं, दोघांनी मिळून मौनव्रत घेतलंय.

गुरगुट्या भात निवून जाई. कावळ्यांची चंगळ होती.

शेवटी विश्वंभर आक्कांकडे गेला. म्हातारा हट्टी आहे, म्हणाला. आपल्या सेवेत काही खोट असेल तर दाखवा.

आक्का हात पुसत आल्या. चादरीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, मान हलवली. खोट नव्हती. मग त्या सटवाजीसमोर बसल्या आणि चमचा उचलला.

चमचा पुढे गेला तसं आक्कांचं बोळकं आपसूक उघडलं.

सटवाजीचे ओठ किंचित हलले. एक घास आत गेला.

आक्कांनी चमचा विश्वंभरच्या हातात दिला आणि उठल्या.

"आक्का, तुम्ही तोंड का उघडलंत?"

"मी?... नाही बाई."

पण विश्वंभरला युक्ती सापडली होती. दुसऱ्या दिवशी चमचा पुढे करताना त्याने मोठा आ वासला. अगदी दाढा दिसतील इतका.

सटवाजीने त्या तोंडात निरखून पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याची जड जीभ वळली.

"दाढ... किडलीय तुझी."

आणि ओठ पुन्हा मिटले.

विश्वंभरने चमचा ठेवून दिला. जप करायलाही मन लागेना.

संध्याकाळी तो सटवाजीची कूस बदलायला गेला. सुरुवातीला दोन्ही हातांनी जोर लावावा लागे. आज एक हात लावताच सटवाजी वळला. वाळलेल्या पानासारखा.

विश्वंभरचा हात तिथेच थांबला.

मग तो चुलीपाशी गेला, भात पुन्हा गरम केला, तूप सोडलं. ओसरीवर येऊन त्याने आजवर न विचारलेली गोष्ट विचारली.

"सटवाजीकाका, मीठ बरोबर आहे का, बघता?"

सटवाजी बघत राहिला...

"खा हो. एवढा एक घास."

पुढे किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. जप कुठे सुटला तेही कळलं नाही. मीठ कमी होतं, असं सटवाजीने दोनदा सांगितलं, एवढं मात्र कळलं.

वाटीचा तळ दिसला तेव्हा विश्वंभरच्या लक्षात आलं की आपला जबडा दुखतोय. वर पाहिलं तर आक्का दारात उभ्या. त्या सटवाजीकडे बघत नव्हत्या, विश्वंभरच्या तोंडाकडे बघत होत्या.

त्याने उघडं तोंड हाताने चाचपलं.

अनुग्रहाचं विचारायची हीच वेळ होती. पण त्याने विचारलं ते भलतंच.

"आक्का... भूक त्यांची, घास त्यांचा. मग माझं तोंड कुणी उघडलं?"

सटवाजीला ढेकर आली.

आक्कांनी खाली वाकून वाटी उचलली.

"उद्यापासून मूठभर तांदूळ जास्त घे."