करडाने दाखवलेली वाट

एकदा एका धान्यव्यापाऱ्याच्या घरावर मोठे दुःख कोसळले. त्याची पत्नी वारली. त्यानंतर लहानगी कुमुद खोलीबाहेर येईना, कुणाशी बोलेना, दोन घासांपलीकडे जेवेना. मुलगीही हातची जाईल, या भीतीने व्यापारी गावाबाहेर राहणाऱ्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि शेळीचे एक करडू त्याच्या हाती दिले. "कुमुदने याला स्वतः हिंडवून चारायचे. विकतचा चारा घालू नका."

शेजारी बसलेला गुरुजींचा शिष्य चकित झाला. "गुरुजी, जी स्वतःच जेवत नाही, ती याला काय चारणार?"

गुरुजी नुसते हसले.

करडू कुमुदच्या कुशीत झोपू लागले. पण तिला उन्हातान्हात पाठवणे व्यापाऱ्याच्या जिवावर आले. त्याने गडी धाडून बाजारातून ओल्या लसूणघासाचा भारा आणवला. करडाने तो अधाशासारखा खाल्ला. दुपारी त्याचे पोट टम्म फुगले आणि ते पाय झाडू लागले.

कुमुदने त्याला उचलले आणि ती अनवाणीच गुरुजींकडे धावत सुटली. मागून व्यापारी, "अगं, चपला तरी घाल!"

"गुरुजी, हे मरतंय हो!" कितीतरी दिवसांनी तिला शब्द फुटला होता.

गुरुजींनी करडाला गोडेतेल पाजले. "याची डावी कूस चोळ, पोरी. थांबू नकोस."

ती रडत रडत चोळत राहिली. बराच वेळ काहीच होईना. मग करडाने एक लांबलचक ढेकर दिला.

"पंगतीतून उठल्यावर आमचे मामा अस्सेच!" शिष्य म्हणाला, आणि कुमुदला खुदकन हसू आले.

"आता याला काय घालू?" तिने विचारले.

"आज काही नको. उद्या त्यालाच विचार. दोरी सैल सोड."

दुसऱ्या दिवशी करडू तिला ओढ्याकाठच्या बोरीपाशी घेऊन गेले; मागोमाग व्यापारीही आला. त्याच्यासाठी फांदी वाकवताना काटे लागले. एक बोर तिने आपल्याही तोंडात टाकले. "बाबा, आंबट आहे. पण छान आहे." व्यापारी तिथेच मातीत बसला आणि त्याने डोळे पुसले.

दुरून ते पाहणाऱ्या शिष्याने परतल्यावर गुरुजींना करडू देण्यामागचे कारण विचारले.

"दुःखी माणूस आतून कडी लावून घेतो," गुरुजी म्हणाले. "आपण हाका मारल्या, तर ती आणखी घट्ट होते. पण मुक्या जिवाला भूक लागते, आणि त्याचे अन्न बाहेर झाडावर असते. त्याच्यामागे जाणाऱ्याला ऊन अंगावर घ्यावे लागते, झाड ओळखावे लागते. व्यापाऱ्याने मायेपोटी चारा घरात आणला, आणि तिची बाहेरची वाटच अडली."



पुढे रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते तिघे ओढ्याकाठी दिसू लागले. पुढे करडू, मागे कुमुद, आणि तिच्यामागे व्यापारी, तिने दाखवलेले घरटे मान उंचावून शोधत.